सायकसचे बी घरच्या घरी रुजविण्याची रीत

अलीकडे आपल्या भागात पुष्कळ घरांपुढे, शाळांच्या आवारात व मंगल कार्यालयांच्या दारात एक ठेंगणे, काळपट बुंध्याचे आणि माथ्यावर पिसांसारख्या ताठ पानांचे चक्र धारण केलेले झाड दृष्टीस पडते. माळी लोक त्यास सायकस अथवा सायकस पाम म्हणतात. या झाडाच्या माथ्यावर तांबड्या बिया दिसल्या म्हणजे घरधन्यास साहजिकच वाटते की, रोप विकत आणण्यापेक्षा हे बी रुजवून पाहावे. परंतु दहांपैकी नऊ जणांचा हा प्रयत्न फसतो, आणि दोष बियांस दिला जातो. वस्तुतः दोष बहुधा आपल्या घाईचा व आपल्या झारीचा असतो. सबब या कामाची रीत सविस्तर देण्याचे आम्ही योजिले आहे.

झाडाची ओळख

प्रथम हे सांगितले पाहिजे की, सायकस हा ताड-माड-शिंदीच्या जातीचा वृक्ष नव्हे. ताडास फूल व फळ येते. सायकसला दोन्ही नाहीत. त्याचे बी फळात झाकलेले नसून उघडेच वाढते. आपली काळी जमीन ज्या काळ्या पाषाणापासून झाली, तो पाषाण सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी तप्त रसाच्या रूपाने दख्खनवर पसरला. सायकसाचे कूळ त्याहूनही कितीतरी प्राचीन आहे. बागेत सर्वत्र आढळणारी जात मूळची दक्षिण जपानकडील असून तिचे शास्त्रीय नाव सायकस रेव्होल्यूटा असे आहे. आपल्या सह्याद्रीच्या रांगेत, विशेषतः दक्षिणेकडे, सायकस सर्सिनॅलिस ही दुसरी जात रानात वाढते. इंग्रजीत बागेतल्या जातीस 'सागो' हे नाव पडले आहे, म्हणून आपल्या उपवासाचा साबुदाणा याच झाडाचा, असा समज करून घेऊ नये. तो कसावा नावाच्या कंदापासून होतो.

नर व मादी

पपईप्रमाणे सायकसातही नरझाड वेगळे व मादीझाड वेगळे असते. नराच्या माथ्यावर मक्याच्या कणसासारखा, पण पुष्कळ मोठा, उभा पिवळट शंकू निघतो. मादीच्या माथ्यावर लोकरीसारख्या लवेने मढलेल्या पिंगट पाकळ्यांचा घुमटाकार गड्डा बसतो आणि त्या पाकळ्यांच्या कडांस बिया धरतात. नराचा पराग मादीपर्यंत पोहोचला तरच बीत गर्भ धरतो. या परागनळीतून पोहणारे नरबीज निघते, हे जपानी शास्त्रज्ञ इकेनो यांनी १८९६ साली दाखविले. नेचांची ही जुनी खूण या बी धरणाऱ्या झाडात टिकून राहिली आहे.

आपल्या गावातून बहुधा एखाद्या अंगणात एकटीच मादी उभी असते. तिच्या बिया बाहेरून तांबड्या व टपोऱ्या दिसल्या तरी आत गर्भ नसतो. अशा बियांवर वर्षभर पाणी घालणे व्यर्थ होय. जोडीदार नसला म्हणजे काय होते, याचे मोठे उदाहरण दक्षिण आफ्रिकेत घडले. तेथील नाताळ प्रांतात १८९५ साली याच वर्गातील एक अपूर्व झाड सापडले. ते नर होते. त्याची मादी आजवर कोणासही आढळली नाही. त्यामुळे जगभरच्या बागांत त्याची जी झाडे आहेत ती सर्व त्याच नराच्या फुटव्यांची संतती आहे, बियांची एकही नाही.

सारांश, शेजारपाजारी नरझाड असल्याची खात्री करून मगच बी गोळा करावे. नर दूर असेल तर त्याचा शंकू पिकून पिवळी धूळ सोडू लागताच ती कागदावर झाडून घ्यावी, सावलीत सुकवावी, आणि मादीचा गड्डा सैल होऊन पाकळ्यांत फट पडताच दोनतीन दिवस सकाळी ती मऊ कुंचल्याने आत उडवावी.

बी निवडणे व साफ करणे

उन्हाळ्याच्या सुमारास धरलेले बी बहुधा हिवाळ्यात पक्व होते. हाताने ओढताच सहज सुटणारे बी घ्यावे. झटापट करून उपटू नये. बीवर तांबडा गर असतो, त्याखाली पांढरट कठीण कवच, आणि कवचात पिठूळ मगज. तांबड्या गरात उगवण रोखणारी द्रव्ये असतात, म्हणून तो काढल्यावाचून पेरणी करू नये. बी दोनतीन दिवस पाण्यात भिजत ठेवावे, पाणी रोज बदलावे, आणि गर मऊ पडला म्हणजे हातात रबरी मोजे घालून जाड वाळूने चोळून काढावा. हे पाणी व हा गर गुरांच्या तोंडी जाणार नाही अशा ठिकाणी खोल पुरावा. कारण पुढे सांगितले आहे.

साफ केलेले बी पाण्यात टाकावे. जे तरंगते ते बहुधा पोकळ असते, ते बाजूस काढावे. जे बुडते ते ठेवावे, तथापि बुडालेल्या प्रत्येकात गर्भ असतोच असे नाही; कारण आतील मगज गर्भावाचूनही भरतो. शिवाय सागरकिनाऱ्यावरील काही सायकसांचे बी चांगले असूनही तरंगते. त्यांच्या कवचात भेंडासारखा हलका थर असून ते समुद्रावरून वाहत जाऊन दूरच्या तीरावर रुजते. बागेतल्या जातीस मात्र ही परीक्षा बऱ्याच अंशी उपयोगी पडते.

यापुढील गोष्ट शेतकऱ्यास नवी वाटेल. ज्वारीचे किंवा तुरीचे बी झाडावर पूर्ण तयार होते. सायकसचे बी झाडावरून सुटते तेव्हा आतील गर्भ अपुरा असतो, व तो पुढे कित्येक आठवडे बीतच वाढत राहतो. म्हणून बी साफ करून काही महिने सावलीत, थंड व हवेशीर जागी किंचित ओलसर वाळूत ठेवावे. कडक उन्हात वाळविल्यास गर्भ मरतो. धान्याप्रमाणे हे बी कणगीत दोनचार वर्षे ठेवता येत नाही.

पेरणी

लातूर तालुक्यातील आमच्या मुरुडची हवा कोरडी, तर जंजिऱ्याशेजारच्या मुरुडची दमट. नाव एक असले तरी तेथील रीत येथे जशीच्या तशी लागू पडत नाही. येथे होळीनंतर रात्रीचा गारठा सरतो, तेव्हा पेरणीस आरंभ करावा. बीस साधारण २५ ते ३० अंश उष्णता मानवते. चैत्र-वैशाखात आमच्याकडे पारा चाळिसांच्या वर जातो, म्हणून कुंड्या कडुलिंबाच्या गर्द सावलीत अथवा ओसरीवर ठेवाव्यात.

काळी माती यास अगदी वर्ज्य. ती पाणी धरून ठेवते व सुकली की भेगाळते. चाळून बारीक गाळ काढलेली जाड वाळू दोन भाग आणि नारळाच्या काथ्याचा भुसा एक भाग असे मिश्रण करावे. सोटमूळ खोल जाते, यासाठी भांडे निदान वीतभर खोल व तळाशी भोके पाडलेले असावे. पेरण्यापूर्वी बी एक दिवस पाण्यात ठेवावे, नंतर आडवे निजवून अर्धे मिश्रणात दाबावे व अर्धे उघडे ठेवावे. मूळ व पान ही दोन्ही बीच्या एकाच टोकाकडून निघतात, म्हणून उभे-आडवे करण्याची चिंता नको. मात्र संपूर्ण बी गाडले तर ते कुजते.

पाणी एकदा भरपूर घालावे, पुढे वरचा थर सुकलेला दिसेल तेव्हाच शिंपडावे. कोरड्या वाऱ्यापासून संरक्षण म्हणून भांड्यावर ओले गोणपाट किंवा पारदर्शक कागद सैल पसरावा व रोज थोडा वेळ काढून हवा द्यावी. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूर शहरास मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, हे आपण विसरलो नाही. दोनचार तांब्यांत आठवडा निभावणारे हे काम त्या दृष्टीनेही बाधक नाही.

धीर

आता आमची चूक सांगतो. पहिल्या वर्षी आम्ही कुंड्या भरल्या, दर चार दिवसांनी बी उकरून पाहिले व तीन महिने वाट पाहून, हे बी वांझ आहे असे ठरवून, वाळूसकट सारे गोठ्यामागच्या उकिरड्याच्या कडेस ओतून दिले. पाऊस पडून गेल्यावर श्रावणात तेथेच कित्येक बियांना मूळ फुटलेले दिसले! आनंद झाला, परंतु त्याचबरोबर अंगावर काटा उभा राहिला. कारण त्या जागेपासून चार हातांवर आमची गाय बांधलेली होती.

यातून दोन धडे घ्यावेत. पहिला हा की, सायकसचे बी दोन महिन्यांतही रुजते आणि सहा महिन्यांनीही. क्वचित वर्षही लागते. बोटाने दाबून कवच टणक लागते व वास येत नाही तोवर बी जिवंत समजावे. मूळ आधी निघते आणि पानास त्यानंतरही कित्येक आठवडे लागतात. उकरून पाहणे हा या कामातील मोठा शत्रू होय. दुसरा धडा विषाचा.

विषाची सूचना

सायकसच्या प्रत्येक भागात, विशेषतः बियांत, सायकासिन नावाचे विष असते व ते यकृतावर घाला घालते. कुत्र्याने एखाददुसरे बी चावले तरी प्राण जाण्याचा संभव असतो. ऑस्ट्रेलियात या वर्गातील झाडांची पाने खाऊन गुरांचे मागचे पाय लुळे पडल्याची उदाहरणे सुप्रसिद्ध आहेत. यावर खात्रीचा उतारा नाही. केरळात रानातील जातीच्या बियांचे पीठ बनवून खाण्याची जुनी चाल आहे. पण ते लोक बी वाळवून, वारंवार भिजवून व पाणी फेकून ती क्रिया पिढ्यान्‌पिढ्या करीत आले आहेत. आपण तिचे अनुकरण कदापि करू नये. बी, कापलेली पाने व धुवणाचे पाणी गोठा, उकिरडा व मुले यांपासून दूर ठेवावे. जनावराने खाल्ल्याचा नुसता संशय आला तरी लक्षणांची वाट न पाहता पशुवैद्यास गाठावे.

रोपाची निगा

पान निघाल्यावर रोपास चिकटलेले बी तोडू नये. बीदले आतच राहून मगज शोषून रोपास पुरवितात. ते तोडणे म्हणजे तान्ह्याचे दूध तोडणे. पहिल्या वर्षी एखाददुसरेच पान येते. दुसऱ्या वर्षी मुरमाचे बारीक खडे, वाळू व चांगले कुजलेले शेणखत यांच्या मिश्रणात रोप हलवावे. सोटमूळ मोडू देऊ नये.

पुढे मातीच्या पृष्ठभागाजवळ पोवळ्यासारख्या फाटे फुटलेल्या मुळ्यांचे झुबके दिसतात. तो रोग समजून कापू नये. तुरीच्या व हरभऱ्याच्या गाठींत जसे जिवाणू हवेतील नत्र बांधतात, तसेच या मुळ्यांत नील-हरित शैवाल राहून झाडास नत्र पुरविते. कोवळी पाने एका लहान निळसर फुलपाखराच्या अळ्या कुरतडतात; नवीन पालवीच्या दिवसांत रोज पाहून त्या वेचून काढाव्यात. पानांवर पांढरे खवले दिसल्यास ती पाने कापून जाळावीत. अशा एका खवलेकिडीने १९९६ पासून अमेरिकेच्या फ्लोरिडात व २००३ पासून ग्वाम बेटावर सायकसांचा मोठा नाश केला आहे.

बियांच्या रोपात नर कोणता व मादी कोणती, हे शंकू येईपर्यंत, म्हणजे पुष्कळ वर्षे, कळत नाही. ज्यास विशिष्ट लिंगाचे झाड हवे त्याने बुंध्याशी येणारा फुटवा घ्यावा. तो मूळ झाडाच्याच लिंगाचा असतो. कोणी रानातील झाडे खणून आणू मात्र नयेत. या वर्गातील सर्व झाडांचा आंतरराष्ट्रीय व्यापार कराराने नियंत्रित आहे, आणि आंध्रातील तिरुपतीकडील डोंगरांत वाढणारी सायकस बेडोमी ही जात तर सर्वांत कडक संरक्षणाच्या यादीत आहे.

हे काही नगदी पीक नव्हे, व यातून पैसा मिळेल असे आम्ही सांगत नाही. तथापि जो शेतकरी नांगरणी, पेरणी व काढणी चार महिन्यांत उरकतो, त्याने एक बी वर्षभर न उकरता सांभाळणे ही शिस्त काही वाईट नाही. ज्या बंधूंच्या अंगणात नरझाड असेल त्यांनी तसे मंडळाच्या कार्यालयास कळवावे, म्हणजे येत्या हंगामात पराग गावोगावच्या एकट्या मादीझाडांस पोहोचविण्याची तजवीज करता येईल.