ताईचा चौरंग आणि लाकडाचा स्वभाव

लाकूडकाम हा माझा छंद आहे, धंदा नव्हे. दिवसा महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवावे आणि संध्याकाळी घराच्या मागच्या पडवीत रंधा-पटाशी घेऊन बसावे, असा गेली कित्येक वर्षे माझा क्रम आहे. या छंदातून पैसा मिळत नाही. पण माझ्या हातचे पाट, पोळपाट, खुंट्यांच्या फळ्या नात्यागोत्यातल्या आणि मित्रांच्या पुष्कळ घरांत आहेत. त्यांतल्या एका वस्तूने मला जो धडा शिकवला, तो विद्यार्थी मित्रांना सांगावा म्हणून हा लेख.

आमचे मूळ घर सुप्याचे. काळी नदीवरचे सुपा धरण १९८७ मध्ये पूर्ण झाले आणि जुने सुपे पाण्याखाली गेले. विस्थापितांपैकी बरीच कुटुंबे रामनगरला वसली, त्यांत आम्हीही होतो. निघताना वडिलांनी घर उतरवले आणि माजघराच्या दाराच्या सागवानी फळ्या तेवढ्या बरोबर आणल्या. आजोबांनी करवून घेतलेले ते दार. पुढे त्या फळ्या गोठ्याच्या उघड्या माळ्यावर पडून राहिल्या. घर गेले, अंगण गेले. हाताला लागेल असे सुप्याचे एवढेच काय ते उरले होते.

माझी थोरली बहीण सोलापूरला असते. तिच्या नव्या घराच्या सत्यनारायणासाठी या फळ्यांचा चौरंग करून द्यावा, असे माझ्या मनात आले. ऐन श्रावणात काम केले. दोन फळ्या जोडून साडेचारशे मिलिमीटर रुंदीचा चौरस तक्ता केला. तो वाकू नये म्हणून खालून दोन आडव्या पट्ट्या फेविकॉल लावून, वर इस्क्रू पिळून पक्क्या बसवल्या. वरच्या अंगाला तीन हात पॉलिश दिले. खालचे अंग कोण बघतो म्हणून कोरेच ठेवले. ताईने चौरंगावरून हात फिरवला आणि म्हणाली, "आजोबांच्या दाराला हात लावल्यासारखं वाटतं रे." मी धन्य झालो.

पुढच्या मे महिन्यात सोलापूरला गेलो. चौरंग देवघरात दिसेना. विचारले तर ताई इकडचे तिकडचे बोलू लागली. शेवटी भाचीने कपाटामागून तो काढला. वर जुने लुगडे गुंडाळलेले होते. तक्ता मधोमध, रेषेच्या दिशेने, या टोकापासून त्या टोकापर्यंत फाटला होता. फटीत पेन्सिल सहज गेली.

"तुला वाईट वाटेल म्हणून कळवलं नाही," ताई म्हणाली. "माझ्याच हातून काही झालं असेल. उन्हात राहिला असेल."

तिच्या हातून काहीच झाले नव्हते, हे मला त्याच वेळी कळायला हवे होते. पण मीही कोड्यात पडलो. कच्चे लाकूड फाटते हे सगळ्यांनाच ठाऊक आहे. हे लाकूड तर माझ्या जन्माच्या आधी तोडलेले. ते कच्चे कसे असेल?

आमच्याकडे सुताराला आचारी म्हणतात. (ताईची शेजारीण मराठी अर्थ घेऊन 'आचारी चौरंग कसा करतो?' म्हणून चकित झाली होती, ते सोडा.) गावी परतल्यावर एका वयस्क आचाऱ्यांना मी हे कोडे घातले. ते म्हणाले, "लाकूड जुनं होतं मास्तर, पण पावसाळ्यातलं होतं ना?" त्या एका वाक्यात सगळे उत्तर होते. बाकीचे मी पुस्तकांतून मिळवले, ते असे.

लाकूड म्हणजे लांबट, पोकळ पेशींची मोळी. पाणी त्यात दोन जागी असते : पेशींच्या पोकळीत आणि पेशींच्या भिंतींत. झाड तोडल्यावर आधी पोकळीतले पाणी जाते. तेव्हा लाकूड हलके होते, पण आकसत नाही. कोरड्या लाकडाच्या वजनाच्या सुमारे २८ ते ३० टक्के ओलावा उरला की भिंतींतले पाणी जाऊ लागते आणि तेथून आकसणे सुरू होते. भिंतींतला सेल्युलोज पाण्याला ओढून धरतो. म्हणून हवा दमट झाली की तो हवेतली वाफ पुन्हा शोषतो आणि लाकूड फुगते. ही देवघेव लाकूड दहा वर्षांचे असो की शंभर, चालूच राहते. 'जुने लाकूड हलत नाही' ही समजूत चुकीची आहे. मुरलेले लाकूड म्हणजे हवेशी जुळलेले लाकूड. आणि हवा बदलली की त्याला पुन्हा जुळवून घ्यावे लागते.

साधारण ३० अंश तपमानाला हवेची सापेक्ष आर्द्रता ८५ टक्के असेल, तर लाकडात सुमारे १७-१८ टक्के ओलावा राहतो. ती ३० टक्के असेल तर जेमतेम ६ टक्के. पहिली हवा आमच्या श्रावणातली, दुसरी सोलापूरच्या उन्हाळ्यातली. माझ्या फळ्यांनी या प्रवासात सुमारे १२ टक्के ओलावा टाकला.

आता गणित करू. लाकूड लांबीला जवळजवळ आकसत नाही. आकसते ते रेषेला आडवे, आणि तेही दोन दिशांना वेगवेगळे. सागवान पूर्ण ओल्यापासून पूर्ण कोरडे होईपर्यंत वार्षिक वलयांच्या दिशेने सुमारे ५.८ टक्के आणि गाभ्याकडून सालीकडे सुमारे २.५ टक्के आकसते. हा संकोच २८ टक्के ओलाव्यापासून सुरू होतो असे धरले, तर १२ टक्के ओलावा गेल्यावर त्याचा १२/२८ भाग घडतो. साडेचारशे मिलिमीटर रुंदीला हे आकडे लावले, तर फळी कशी चिरली आहे त्यानुसार ५ ते ११ मिलिमीटर येतात. पेन्सिलीची जाडी ७ मिलिमीटर! सागवान इमारती लाकडांत कमी हलणारे म्हणून नावाजलेले. त्याची ही कथा.

म्हणजे तक्त्याला आकसायचे होते आणि खालच्या पट्ट्यांची लांबी बदलणार नव्हती. मी दोघांना डिंकाने आणि इस्क्रूने जखडून टाकले होते. ताणाखाली दुबळी जागा फाटली. त्यात पॉलिश एकाच अंगाला. पॉलिश ओलाव्याची ये-जा थांबवत नाही, फक्त मंद करते. म्हणून वरचे अंग सावकाश सुकले, खालचे भराभर, आणि तक्त्यावर वाकण्याचाही जोर आला.

वर्गात मी धातूंचे प्रसरण शिकवतो. कॅसलरॉकच्या घाटातून गाडी जाते, तेव्हा पूर्वी रुळांच्या सांध्यांत फट का ठेवीत, हे मुलांना विचारतो. तोच मी घरी येऊन फट न ठेवता चौरंग केला! आणि उत्तर आजोबांच्या दारातच होते. त्या दाराच्या चौकटीला आतून खाच होती आणि फळी त्या खाचेत मोकळी बसवलेली होती, खिळ्याविना. पावसात फुगायला आणि उन्हाळ्यात आकसायला तिला जागा होती. आचाऱ्याने पुस्तक वाचले नसेल. पाऊस वाचला होता.

पुढच्या सुटीत हत्यारे घेऊन सोलापूर गाठले. पट्ट्या पटाशीने काढल्या. फाटलेल्या जागी तक्ता सरळ कापून, कडा रंधून पुन्हा जोडला. तो बोटभर अरुंद झाला. पट्ट्या पुन्हा लावल्या, पण डिंकाविना. मधला इस्क्रू घट्ट. दोन्ही टोकांच्या इस्क्रूंसाठी पट्टीत गोल भोकाऐवजी लांबट खाच. तक्ता मध्यापासून दोन्हीकडे सरकतो, म्हणून प्रत्येक टोकाला एकूण हालचालीच्या निम्मी जागा पुरते. या वेळी पॉलिश दोन्ही अंगांना सारखे दिले.

विद्यार्थ्यांनी एक प्रयोग जरूर करावा. एकाच फळीतून दोन पट्ट्या कापा, एक रेषेच्या दिशेने, एक आडवी. श्रावणात आणि चैत्रात त्यांची लांबी मोजा. ओलावा काढायचा असेल तर तुकडा तोलून प्रयोगशाळेच्या भट्टीत १०३ अंश सेल्सिअसला वजन स्थिर होईपर्यंत ठेवा. आधी ११८ ग्रॅम आणि नंतर १०० ग्रॅम भरला, तर ओलावा १८ टक्के. मात्र प्रयोगासाठी असो वा छंदासाठी, जंगलातल्या झाडाला हात लावू नये. आपला तालुका काळी व्याघ्र प्रकल्पाचा शेजारी आहे. सुताराकडचे उरलेले तुकडे, पावतीने घेतलेले लाकूड किंवा मोडलेले दार आपल्याला पुष्कळ होते.

आणि कोणासाठी काही करणार असाल, तर ती वस्तू कोठे राहणार हे आधी विचारा. मी चौरंग माझ्या हवेसाठी केला होता; राहायचे त्याला ताईच्या घरी होते.

चौरंग आता सोलापूरच्या देवघरात आहे. ताईने पट्टीवर तक्त्याच्या कडेशी पेन्सिलीने दोन रेघा ओढल्या आहेत. एकीपुढे 'मे' लिहिले आहे, दुसरीपुढे 'श्रावण'. दोन्हींत तिळाएवढे अंतर आहे. फोनवर ती हल्ली आधी तेच सांगते, मग घरची खुशाली.