थंडी येण्यापूर्वी

(खानदेशातील हिवाळा कोरडा आणि बोचरा असतो. त्यासाठी घर कसे तयार करावे आणि ते करताना कोणती काळजी घ्यावी, हे या पाठात सांगितले आहे.)

विद्यार्थी मित्रांनो, खानदेश म्हटले की बाहेरगावच्या लोकांना आठवते ते येथील ऊन. मे महिन्याच्या दुपारी पारोळ्याच्या रस्त्यावर चिटपाखरू दिसत नाही, हे खरेच आहे. पण याच पारोळ्यात डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे माणसे कानटोप्या घालून शेकोटीभोवती बसलेली दिसतात. जवळच्या धुळ्यात तर काही वर्षी पारा ५ अंश सेल्सिअसच्याही खाली उतरला आहे.

जेथे एवढे ऊन, तेथे एवढी थंडी कशी? आपला भाग समुद्रापासून दूर आहे. पावसाळा संपला की येथील हवा कोरडी होते, आकाश निरभ्र राहते. दिवसभर तापलेली जमीन रात्री आपली उष्णता भराभर बाहेर टाकते. ढग असते, तर त्यांनी ती काही प्रमाणात अडवली असती. त्यातच उत्तरेकडून गार वारे येतात. म्हणून दुपारी घाम येतो आणि पहाटे दात वाजतात.

तुमचे घर कशाचे आहे, ते आधी पाहा. जुन्या धाब्याच्या घराच्या भिंती मातीच्या व जाड असतात, छतही लाकूड व मातीचे असते. माती हळूहळू तापते आणि हळूहळू निवते. त्यामुळे असे घर उन्हाळ्यात गार आणि हिवाळ्यात उबदार राहते. पत्रा मात्र पातळ असतो. सूर्य मावळला की तो लगेच गार पडतो. म्हणून पत्र्याच्या घरात राहणाऱ्यांनी तयारी लवकर करावी. दिवाळीच्या सुमारास, शेतातला कापूस घरी येऊ लागला की या कामाला लागावे.

पहिले काम म्हणजे वारा कोठून येतो, ते शोधणे. संध्याकाळी वारा सुटला की एक अगरबत्ती पेटवा. ती दाराच्या फटीजवळ, खिडकीच्या चौकटीजवळ धरा. पडदे व कपडे यांपासून ती दूर ठेवा. धूर सरळ वर गेला, तर तेथे वारा नाही. धूर एकदम आत वळला, तर चोरवाट सापडली! भिंतीच्या भेगा माती आणि भुसा कालवून बुजवाव्यात. दाराखालच्या फटीसाठी जुन्या कापडाची लांब पिशवी शिवून तिच्यात वाळू भरावी आणि रात्री ती दाराशी आडवी ठेवावी. उत्तरेकडच्या खिडकीला गोणपाटाचा जाड पडदा लावावा. गोणपाट चुलीपासून दूर असावे, कारण ते चटकन पेट घेते.

दुसरे काम म्हणजे सूर्याला घरात बोलावणे. मे महिन्याच्या अखेरीस आपल्याकडे दुपारचा सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो. २२ डिसेंबरच्या सुमारास मात्र तो दक्षिणेकडे झुकलेला, क्षितिजापासून सुमारे ४६ अंशांवर असतो. त्यामुळे दक्षिणेच्या दारा-खिडक्यांतून ऊन घरात खोलवर येते. सकाळी ऊन चढले की त्या उघडाव्यात आणि सूर्य मावळण्यापूर्वी लावून घ्याव्यात. ही ऊब फुकट मिळते.

तिसरे काम अंथरुणा-पांघरुणाचे. रजाई स्वतः ऊब तयार करत नाही. कापसाच्या तंतूंमध्ये हवा अडकून राहते आणि ती हवा आपल्या अंगातली ऊब बाहेर जाऊ देत नाही. कापूस दबून त्याचे गोळे झाले, की हवेला जागा उरत नाही आणि जड रजाईसुद्धा गार वाटते. म्हणून जुना कापूस पिंजून घेतात. पूर्वी पिंजारी खांद्यावर पिंजण घेऊन गल्लोगल्ली फिरत. तातीचा तो आवाज कानी आला, की बायका जुन्या गाद्या दारात आणत. आता बहुतेक ठिकाणी हे काम यंत्रावर होते. नवा कापूस भरणे जमले नाही, तरी रजाया व गोधड्या दोन-तीन दिवस कडक उन्हात टाकाव्यात. कापूस फुलतो आणि ओलसर वासही जातो. थंडी खालूनही येते, हे विसरू नका. फरशीवर आधी पोते, त्यावर चटई आणि मग गोधडी अंथरावी.

फटी बुजल्या, पडदे लागले, अंथरूण तयार झाले. आता घर उबदार झाले. पण आता एक नवा धोकाही निर्माण झाला. तो नीट समजून घ्या.

कडाक्याच्या रात्री काही लोक निखाऱ्यांची शेगडी खोलीत आणतात, दार-खिडक्या लावतात आणि झोपी जातात. बंद खोलीत कोळसा किंवा लाकूड जळताना कार्बन मोनॉक्साइड नावाचा विषारी वायू साचतो. त्याला रंग नाही, वास नाही. आपल्या रक्तातील हिमोग्लोबिन शरीरभर ऑक्सिजन पोहोचवते; परंतु ते ऑक्सिजनपेक्षा या वायूला २०० पटींहून अधिक जोराने धरून ठेवते. मग शरीराला ऑक्सिजन मिळत नाही. जागा माणूस असेल, तर त्याचे डोके दुखते, गरगरते, मळमळते. झोपलेल्या माणसाला यातले काहीच कळत नाही. तो झोपेतच दगावतो. धूर दिसत नाही म्हणजे धोका नाही, असे कधीही समजू नका. राखेने झाकलेले निखारेही हा वायू सोडतात.

म्हणून पेटती शेगडी घेऊन झोपू नये. खिडकी किलकिली ठेवली तरीही नाही. शेकायचे असेल, तर दाराबाहेर मोकळ्या जागेत शेकावे. झोपण्यापूर्वी घरातील विस्तव विझवावा, अशी शिकवण हजरत पैगंबर (स.) यांनीही दिली आहे. आजी-आजोबांना ऊब हवी असेल, तर गरम पाण्याची रबरी पिशवी कापडात गुंडाळून त्यांच्या पायांशी ठेवावी. तिचे बूच घट्ट लागले आहे ना, ते तपासावे. खोलीतला वरचा झरोका बुजवू नये. बंद खोलीत शेगडीजवळ कोणी बेशुद्ध दिसले, तर सर्वांत आधी दार-खिडक्या उघडाव्यात, त्या माणसाला मोकळ्या हवेत आणावे आणि १०८ क्रमांकावर फोन करून रुग्णवाहिका बोलवावी. आपण स्वतः त्या खोलीत थांबू नये.

घराची तयारी झाली की एकदा घराबाहेरही पाहा. गावाच्या कडेला मजुरांच्या झोपड्या असतात. त्यांच्या भिंती ताडपत्रीच्या असतात. तेथेही तान्ही मुले आणि म्हातारी माणसे झोपतात. घरात एखादे जादा पांघरूण असेल, तर ते पेटीत ठेवण्यापेक्षा तेथे पोहोचवावे. आणि शेगडीची ही गोष्टही त्यांना जरूर सांगावी. पांघरूण थंडी घालवील. ही माहिती जीव वाचवील. वाऱ्याला अडवा, पण हवेला अडवू नका.

शब्दार्थ
चिटपाखरू नसणे – कोणीही नसणे
निरभ्र – ढग नसलेले
धाबे – मातीचे सपाट छत
निवणे – गार होणे
गोणपाट – पोत्याचे जाड कापड
पिंजण – कापूस पिंजण्याचे धनुष्यासारखे साधन
तात – पिंजणाची दोरी
दगावणे – मरण पावणे
किलकिली – थोडीशी उघडी

स्वाध्याय
प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) वाऱ्याची वाट शोधण्यासाठी कोणती वस्तू वापरावी?
(आ) पूर्वी गल्लोगल्ली कोण फिरत असे?
प्र. २. कारणे लिहा.
(अ) धाब्याचे घर हिवाळ्यात उबदार राहते.
(आ) कापूस दबला की रजाई गार वाटते.
(इ) पेटती शेगडी घेऊन झोपू नये.
प्र. ३. उर्दूत दोन लिंगे आहेत, मराठीत तीन. पुढील शब्दांपूर्वी तो, ती किंवा ते लिहा : वारा, थंडी, घर, फट, पत्रा, पांघरूण.
प्र. ४. ‘दात वाजणे’ या वाक्प्रचाराचा अर्थ सांगून वाक्यात उपयोग करा.
उपक्रम : मोठ्या माणसांच्या मदतीने आपल्या घरात अगरबत्तीचा प्रयोग करा. वारा कोठून येतो, ते वहीत लिहा.