पेणला चालतं, रोह्याला उघडत नाही: क्यूटीच्या प्रोग्रॅममध्ये लॉग कसा लावायचा?

कालच्या व्हिडिओखाली बऱ्याच जणांनी विचारलं, "सर, स्टेप्स लिहून द्या." म्हणून हा लेख. कमांडचं इंग्रजी स्पेलिंग व्हिडिओत स्क्रीनवर आहे, इथे उच्चार देतोय.

अडचण काय होती?

गणपतीच्या मूर्तींचा एक व्यवसाय. कारखाना पेणला, बुकिंगचं काउंटर रोह्याला. ॲडव्हान्सच्या पावत्यांचा प्रोग्रॅम क्यूटी नावाच्या टूलकिटवर बनवलेला. क्यूटीचा फायदा हा की एकदा लिहिलेला कोड विंडोज, लिनक्स, मॅक, तिन्हीकडे चालतो. पेणला विंडोज, तिथे सगळं झकास. रोह्याला जुन्या कॉम्प्युटरवर उबुंटू टाकलेलं. तिथे आयकॉनवर डबल क्लिक केलं की काहीच होत नव्हतं. एरर नाही, खिडकी नाही. गिऱ्हाईक समोर उभं, आणि पावती हातानं फाडायची. मग हिशोब जुळणार कसा?

मालकांनी प्रोग्रॅम तीनदा काढून परत टाकला. मंडळी, हेच करायचं नाही!

लॉग म्हणजे काय?

गाडी पेणहून सुटली आणि रोह्याला पोचली नाही, तर तुम्ही काय कराल? मधल्या स्टेशनांवर विचाराल. कासू सोडलं? हो. नागोठणे? नाही. म्हणजे घोळ या दोघांच्या मध्ये. लॉग म्हणजे प्रोग्रॅमने प्रत्येक स्टेशनवर केलेली नोंद.

स्टेप १: टर्मिनलमधून चालवा

आयकॉनवरून चालवलं की संदेश कुठे जातो ते दिसत नाही. टर्मिनल उघडून तिथून प्रोग्रॅम सुरू करा. रोह्याला लगेच संदेश आला: 'एक्ससीबी' प्लगइन सापडलं, पण लोड करता आलं नाही. एक्ससीबी म्हणजे लिनक्सवर खिडकी दाखवणारा भाग. 'सापडलं पण लोड झालं नाही' हे शब्द नीट वाचा. फाईल जागेवर आहे, म्हणून परत इन्स्टॉल करून उपयोग नाही. तिला लागणारं दुसरं काहीतरी गायब आहे.

सोबत एक सूचनाही येते: क्यूटी ६.५ पासून 'लिबएक्ससीबी-कर्सर-झिरो' लागतं. पण जपून! एक्ससीबी कुठल्याही कारणाने अडलं तरी ही ओळ येते. ती अंदाज आहे, पुरावा नाही.

स्टेप २: पुरावा मिळवा

'क्यूटी अंडरस्कोअर डीबग अंडरस्कोअर प्लगइन्स' हे व्हेरिएबल १ करा आणि प्रोग्रॅम परत चालवा. आता क्यूटी कुठल्या फोल्डरात गेलं, कुठली फाईल उघडली, कुठे अडलं, सगळं लिहितं. भरपूर ओळी येतील, घाबरू नका. 'कॅनॉट लोड' शोधा. आमच्याकडे खरंच कर्सरचीच लायब्ररी नव्हती. 'सुडो ॲप्ट इन्स्टॉल' करून ते एक पॅकेज टाकलं आणि खिडकी उघडली.

स्टेप ३: हवं तेवढंच ऐका

प्रोग्रॅम उघडतो पण मध्येच गडबडतो, तेव्हा 'क्यूटी लॉगिंग रूल्स' वापरा. डेव्हलपरला सांगा, प्रत्येक कामाला वेगळी कॅटेगरी द्या: पावती, प्रिंट, स्टॉक. मग नियम लिहा: आधी सगळ्यांचं डीबग फॉल्स, नंतर फक्त प्रिंटचं ट्रू. क्रम महत्त्वाचा, कारण दोन नियम भिडले तर नंतरचा जिंकतो. सगळंच ट्रू केलंत तर बाजारात हरवलेलं पोर शोधल्यासारखं होईल.

'क्यूटी मेसेज पॅटर्न' मध्ये वेळ आणि कॅटेगरी जोडा. "दुपारी बंद पडलं" असं गिऱ्हाईक सांगतं, नेमकी वेळ लॉग सांगतो.

विंडोजवाल्यांसाठी

विंडोजवर खिडकीवाल्या प्रोग्रॅमचे हे संदेश सहसा डोळ्यांना दिसत नाहीत. मायक्रोसॉफ्टचं 'डीबगव्ह्यू' हे फुकट टूल आधी उघडा, मग प्रोग्रॅम चालवा.

दोन पथ्यं

१. काम झालं की डीबग बंद करा. नाहीतर फाईल फुगत जाते आणि जुना कॉम्प्युटर रडतो.

२. गिऱ्हाईकाचा मोबाईल नंबर लॉगमध्ये नको. पावती नंबर पुरे. तीच फाईल उद्या तुम्ही डेव्हलपरला व्हॉट्सॲपवर पाठवणार आहात.

गृहपाठ

आज दुकान बंद करताना, प्रोग्रॅम चांगला चालू असतानाच एकदा लॉग काढून ठेवा. बिघडल्यावर दोन फाईली शेजारी ठेवल्या की फरक दिसतो. सीझनच्या गर्दीत हे शिकायला वेळ मिळणार नाही, म्हणून आत्ताच करा. कुठे अडलात तर लॉगमधल्या त्या दोन-तीन ओळी कमेंटमध्ये टाका. नुसतं "सर, चालत नाही" लिहू नका!

भेटूया पुढच्या व्हिडिओत.