रोगनिदानाच्या चाचण्या : केव्हा आणि कशा?

ताप आला की रक्त तपासून घ्यावे, ही सवय आता खेड्यापाड्यांतही रुळली आहे. ही जागृती स्वागतार्हच होय. तथापि, कोणती चाचणी कशासाठी करावयाची याचा विचार न करता केलेली तपासणी रुग्णाचा पैसा व वेळ खर्ची घालते आणि कित्येकदा चुकीच्या उपचाराकडे नेते. म्हणूनच या चाचण्यांचा अर्थ लावणाऱ्या विकृतिशास्त्रज्ञाचे कार्य गावातील जाणत्या मंडळींना ठाऊक असणे अगत्याचे आहे.

विकृतिशास्त्रज्ञ कोण?

वैद्यकीय पदवीनंतर विकृतिशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण घेतलेला हा डॉक्टर असतो. रक्त, लघवी, पेशी व ऊती यांत रोगामुळे झालेले बदल तो ओळखतो. नमुना घेणाऱ्या व यंत्रावर चाचणी करणाऱ्या तंत्रज्ञाचे कामही मोलाचे आहे. परंतु निष्कर्षाचा वैद्यकीय अर्थ लावणे ही वेगळी जबाबदारी होय. अहवालावर विकृतिशास्त्राची पदव्युत्तर अर्हता असलेल्या नोंदणीकृत डॉक्टरचीच प्रतिस्वाक्षरी असावी, ही भारतीय वैद्यक परिषदेची भूमिका सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये योग्य ठरविली. अहवाल हाती येताच खाली स्वाक्षरी कोणाची आहे, हे अवश्य पाहावे.

प्रश्न आधी, चाचणी नंतर

चाचणी म्हणजे डॉक्टरांच्या मनातील प्रश्नाचे उत्तर. प्रश्नच नसेल तर उत्तर दिशाभूल करते. विषमज्वरासाठी केली जाणारी वायडल चाचणी हे याचे बोलके उदाहरण होय. ही चाचणी प्रत्यक्ष जंतू शोधत नाही, तर जंतूंविरुद्ध शरीरात तयार झालेली प्रतिपिंडे शोधते. ती जुन्या आजारामुळे किंवा लसीमुळेही आढळू शकतात; उलट आजाराच्या पहिल्या आठवड्यात ती नसूही शकतात. त्यामुळे केवळ एका वायडल अहवालावरून विषमज्वर ठरविणे धोक्याचे आहे. रक्तातील जंतू वाढवून पाहण्याची कल्चर चाचणी अधिक खात्रीची असते. मात्र तिच्यासाठी रक्त प्रतिजैविके सुरू करण्यापूर्वी घेतले पाहिजे. हिवतापाच्या संशयातही औषधापूर्वीच रक्ताचा नमुना घेणे इष्ट असते.

नमुना योग्य, तर निदान योग्य

क्षयरोगाच्या तपासणीत लाळ उपयोगाची नाही. खोल श्वास घेऊन खोकून काढलेला बेडकाच हवा. सकाळी उठल्यावरचा नमुना विशेष उपयुक्त ठरतो. लघवीच्या कल्चरसाठी सुरुवातीची धार सोडून मधल्या धारेची लघवी निर्जंतुक बाटलीत घ्यावी व ती शक्यतो दोन तासांत प्रयोगशाळेत पोहोचवावी. उपाशीपोटीच्या साखरेसाठी किमान आठ तास उपवास आवश्यक असतो. त्या काळात पाणी चालते, चहा चालत नाही. नमुन्यावर रुग्णाचे नाव त्याच्यासमोरच लिहिले जावे.

काढलेली गाठ फेकू नये

अंगावरील गाठ काढली, दुखणे थांबले, आता तपासणी कशाला, असे अनेकांना वाटते. परंतु गाठ साधी की कर्करोगाची, हे नुसत्या डोळ्यांनी नेहमीच सांगता येत नाही. ती फेकून दिल्यास निदानाची संधी गेली आणि रोग परतेपर्यंत मोलाचे महिने वाया गेले, असे होऊ शकते. म्हणून काढलेली ऊती तपासणीस पाठविणार का, असे शस्त्रक्रियेपूर्वीच डॉक्टरांना विचारावे. ती दहा टक्के फॉर्मॅलिनमध्ये, तिच्या आकारमानाच्या सुमारे दहापट द्रावणात, रुंद तोंडाच्या बरणीत पाठवितात. साध्या पाण्यात ती कुजते. सोबतच्या कागदावर वय, गाठीची जागा, ती किती दिवसांपासून आहे व पूर्वीचे अहवाल यांची नोंद असावी.

ऊती मेणात बसवून, तिचे अतिशय पातळ काप काढून व रंगवून मगच सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली जाते. अहवालास काही दिवस लागतात ते यामुळेच. मेणाचे ठोकळे व काचपट्ट्या प्रयोगशाळेत जपून ठेवतात. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयासारख्या ठिकाणी उपचारासाठी जाताना त्या मागून घेऊन सोबत न्याव्यात. दुसऱ्या तज्ज्ञाचे मत घेणे त्यामुळे सुलभ होते.

अहवाल वाचताना

अहवालातील 'सामान्य मर्यादा' बहुधा शंभर निरोगी माणसांपैकी पंचाण्णवांच्या मूल्यांवरून ठरविलेली असते. म्हणजेच विसांतील एखाद्या निरोगी माणसाचा आकडाही तीबाहेर जाऊ शकतो. तेव्हा एखाद्या आकड्याने घाबरून औषध सुरू करू नये किंवा सारे ठीक दिसते म्हणून त्रासाकडे दुर्लक्षही करू नये. लक्षणे व अहवाल यांचा मेळ बसत नसेल, तर आपल्या डॉक्टरांनी विकृतिशास्त्रज्ञाशी बोलावे, अशी विनंती करण्यात संकोच कसला?

गावाने काय करावे?

राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी व उपचार निःशुल्क करण्यात आले आहेत. जवळच्या आरोग्य केंद्रात कोणत्या चाचण्या होतात, नमुने कोणत्या दिवशी पुढे पाठविले जातात व अहवाल केव्हा मिळतो, ही माहिती ग्रामपंचायतीने फलकावर लावावी. शिक्षकांनी पालकसभेत ती सांगावी. स्तनात गाठ लागलेली एखादी भगिनी लाजेपोटी गप्प राहत असेल, तर तिला डॉक्टरांपर्यंत पोहोचविणे, हे काम गावच करू शकते.