धोरण नेमकं कुठे शिजतं?

प्रश्न : मी शिरपूरला बी.एड. करते आहे. शिक्षक चांगले कसे घडतील, हे ठरवणाऱ्या कामात मला जायचंय. घरचे म्हणतात, ही कामं मंत्रालयातले साहेब करतात. यात खरंच करिअर आहे का? आणि शिरपूर सोडावंच लागेल का?

उत्तर : घरचे अर्धे बरोबर आहेत. जीआर मंत्रालयातून निघतो; त्यात काय असावं, हे मात्र कधीकधी बीटात, म्हणजे तालुक्यातल्या शाळांच्या एका गटात ठरतं. सातारा जिल्ह्यातलं कुमठे बीट घ्या. विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे आणि तिथल्या जिल्हा परिषद शिक्षकांनी ज्ञानरचनावादी वर्ग उभे केले. मुलं गटागटानं जमिनीवर, हातात खडे-काड्या, आणि बाई फळ्यापाशी नाहीत तर मुलांत बसलेल्या. बघायला राज्यभरातून शिक्षक येऊ लागले. २०१५ साली ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ आलं, तेव्हा कुमठ्याचं नाव शाळाशाळांत पोचलं होतं. लक्षात घ्या, विस्तार अधिकारी म्हणजे पंचायत समितीतलं पद, मंत्रालयातलं नव्हे.

दिल्लीपर्यंत गेलेला मराठी माणूस हवा असेल, तर जे. पी. नाईक. कोल्हापूर जिल्ह्यातल्या बहिरेवाडीचे. १९६४-६६च्या कोठारी शिक्षण आयोगाचे सदस्य-सचिव. त्यांचा जन्म ५ सप्टेंबर १९०७चा. एवढं असून शिक्षकदिनाच्या भाषणांत त्यांचं नाव मी अजून ऐकलेलं नाही.

आता तुमच्या दाराशी या. तालुक्याच्या उत्तरेला, सातपुड्याच्या पायथ्याशी पहिलीत येणाऱ्या मुलाच्या घरात पावरी, बाजारात कानावर अहिराणी आणि पुस्तकात प्रमाण मराठी. ते गप्प बसलं, की ‘कच्चं आहे’ असा शेरा पडतो. २००९चा शिक्षणहक्क कायदा शक्य तिथवर मातृभाषेतून शिकवायला सांगतो. पण पावरी बोलणाऱ्या मुलाला मराठी वाचायला कसं शिकवायचं, हे शिक्षकाला कोणी शिकवलं? तुमच्या बी.एड.च्या किती तासिका यावर झाल्या? हा अस्सल धोरणाचा प्रश्न आहे, आणि आंतरवासितेत तो तुमच्यासमोर बाकावर बसलेला असतो.

२०२०च्या राष्ट्रीय धोरणानं प्रत्येक शिक्षकासाठी वर्षाला किमान ५० तासांचं प्रशिक्षण सांगितलंय. त्या ५० तासांत नुसत्या चहा-बिस्किटांपलीकडे काय घडावं, याचा विचार करणारी माणसं हवीत. ती जिल्ह्याच्या ‘डायट’मध्ये (जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेत) असतात, पुण्याच्या राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेत असतात, वाड्याजवळ सोनाळ्यात काम करणाऱ्या ‘क्वेस्ट’सारख्या संस्थांत असतात. शासकीय वाट एम.एड. आणि लोकसेवा आयोगाच्या परीक्षेतून जाते. संस्थांकडे जायचं, तर मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेतला किंवा बंगळूरच्या अझीम प्रेमजी विद्यापीठातला शिक्षणशास्त्राचा एम.ए. बघा. म्हणजे दोन वर्षं शिरपूर सोडावं लागेल; परतायला कोणी अडवत नाही.

माझं मत विचाराल, तर त्याआधी दोन वर्षं पहिली-दुसरीला शिकवा. ‘वर्ग नको, धोरण हवं’ म्हणणाऱ्यांनी काढलेली परिपत्रकं शिक्षक लांबूनच ओळखतात.

आणि एक काम याच महिन्यात करता येईल. केंद्रप्रमुखांची परवानगी घेऊन एखाद्या शिक्षण परिषदेला मागच्या रांगेत बसा. वही दोन भागांत आखा : मुलांच्या शिकण्यावर किती मिनिटं गेली आणि ‘माहिती आजच भरून पाठवा’ यावर किती. मग ती वही घेऊन मला पुन्हा लिहा.