आधी पाहू दे, मग बोल

फर्दापूर

चि. भाचीबाईस,


परवा फोनवर तू म्हणालीस, "मामा, अजिंठ्यात गाईड म्हणून लेण्यात शिरलं की घसा कोरडा पडतो. सगळं पाठ असतं, पण समोरच्याच्या तोंडाकडे बघवत नाही." त्याचं उत्तर फोनवर घाईघाईत देण्यासारखं नव्हतं, म्हणून सावकाश लिहितोय.

तुझं पाठांतर उत्तम आहे, आणि माझ्या मते खरी अडचण तिथेच आहे. पाठ केलेलं सुटू नये म्हणून तुझं सगळं लक्ष स्वतःच्या जिभेवर असतं. मग चित्र बाजूला राहतं आणि पाहुणाही. लक्ष स्वतःवर असलं की आवाज कापणारच. ते उचलून भिंतीवर ठेव. एक नंबरच्या लेण्यात माणसं बाहेरच्या लख्ख उन्हातून येतात, पहिल्यांदा त्यांना काहीच दिसत नाही. तेवढा वेळ तू बोलायचंच नाहीस. "जरा थांबा, डोळ्यांना सवय होऊ द्या," एवढंच सांग. हळूहळू अंधारातून पद्मपाणी बोधिसत्त्वाचा झुकलेला चेहरा पुढे येतो, हातातलं कमळ दिसतं, आणि कुणीतरी आपसूक "अरे!" म्हणतं. तुझं बोलणं तिथून सुरू होतं. त्याच लेण्यातल्या बुद्धमूर्तीवर उजेड डावीकडून, उजवीकडून आणि समोरून पाडला की चेहऱ्यावरचा भाव बदलल्यासारखा वाटतो, हे जुने गाईड पिढ्यान् पिढ्या दाखवत आले. त्या वेळी त्यांच्या तोंडून जेमतेम चार शब्द निघायचे, पण माणसं ते घरी गेल्यावरही सांगत राहायची.

उभं कुठं राहावं, हेही शिकण्यासारखं आहे. चित्राच्या समोर नको, बाजूला उभी राहा. बोलताना नजर सगळ्यात मागे उभ्या असलेल्या माणसावर ठेव, म्हणजे आवाज आपोआप तिथवर पोचतो. लेण्यात आवाज घुमतो, त्यामुळे मोठ्यानं बोललीस तर शब्द एकमेकांत मिसळतात. हळू बोल, पण वाक्याचा शेवट गिळू नकोस. तुझी ती सवय फोनवरही जाणवते.

आता माहितीबद्दल. धीर येतो तो नेमकं माहीत असण्यातून. "१८१९ साली इंग्रजांनी अजिंठा शोधला" असं सगळेच सांगतात. तू अख्खी गोष्ट सांग. त्या वर्षी २८ एप्रिलला मद्रासच्या फौजेतला जॉन स्मिथ नावाचा अधिकारी शिकारीच्या निमित्ताने आला आणि त्यानं दहा नंबरच्या चैत्यगृहातल्या खांबावर आपलं नाव कोरलं. ते नाव आज आपल्या डोक्याच्या बरंच वर दिसतं, कारण तेव्हा लेण्यात माती-दगडांचा ढीग साचलेला होता आणि स्मिथ त्यावर उभा होता. आणि आसपासच्या गावांना, गुराख्यांना ही लेणी त्याच्या आधीपासून ठाऊक होती, हेही सांगायला विसरू नकोस. ती आपल्या पूर्वजांची गोष्ट आहे, ती मान खाली घालून सांगायचं काही कारण नाही.

एखादा जाणकार विचारील, "ही फ्रेस्को आहेत ना?" तर शांतपणे सांग की नाही. फ्रेस्को ओल्या गिलाव्यावर रंगवतात. इथे खडकावर माती, भुसा आणि तंतू कालवून गिलावा दिला, त्यावर चुन्याचा हात फिरवला आणि वाळल्यावर रंग भरला. लेडी हेरिंगहॅम यांनी इथल्या चित्रांच्या केलेल्या नकलांचं पुस्तक १९१५ साली निघालं, त्याच्या नावातही फ्रेस्को हाच शब्द आहे, त्यामुळे विचारणाऱ्याचा दोष नाही, हे जरूर सांग. समोरच्याचं चुकलं ते सांगताना त्याचा मान राहिला पाहिजे. त्याच बाई १९०९ ते १९११ या काळात नकला करायला आल्या तेव्हा त्यांची छावणी आपल्या फर्दापूरला होती. नंदलाल बोस, असितकुमार हलदार हे तेव्हाचे तरुण चित्रकार त्यांच्या मदतीला होते. "मी त्याच गावची" असं तू म्हणालीस की पाहुणा तुझ्याकडे वेगळ्या नजरेनं बघेल.

आणि जे माहीत नाही ते "माहीत नाही, विचारून सांगते" असं सरळ म्हणायचं. ठोकून दिलेलं उत्तर बोलणाऱ्याच्या डोळ्यांत दिसतं.

इंग्रजीचा धसका सोड. गाड्या थांबतात त्या टी-पॉइंटवर गारगोट्या नि स्फटिक विकणारी पोरं बघ. कुणी शाळा अर्धवट सोडलेली, तरी परक्या भाषेतलं पहिलं वाक्य बेधडक टाकतात. त्यांचं तेवढंच घे. समोरचा नको म्हणाला तरी ते थांबत नाहीत, ते घेऊ नकोस. छोटी वाक्यं कर, अवघड शब्दापाशी वाट अडली तर बोट दाखव. जळगाव-भुसावळकडचं कुटुंब आलं तर त्यांच्याशी आपल्या घरच्या बोलीत बोल. तिची लाज वाटून घेऊ नकोस. सहलीची पोरं शुद्ध पुस्तकी मराठीनं पेंगतात, आणि "आता ह्या हत्तीचं काय झालं माहितेय का?" म्हटलं की पुढे सरकतात.

तू सांगितलंस की एका पाहुण्यानं सगळे प्रश्न तुला न विचारता तुझ्याबरोबरच्या ड्रायव्हरला विचारले. मला त्याचा राग आला, तुला तर येणारच. अशा वेळी ड्रायव्हरकडे बघायचं नाही, गप्पही बसायचं नाही. प्रश्न संपला की लगेच त्या पाहुण्याच्या डोळ्यांत बघून उत्तर तूच दे, पूर्ण दे, आणि "अजून काही?" म्हणून विचार. दुसऱ्या-तिसऱ्या प्रश्नाला तो तुझ्याकडे वळेल. ड्रायव्हरलाही आधी सांगून ठेव, "लेण्याबद्दल कुणी विचारलं तर माझ्याकडे पाठवायचं." तो शहाणा असेल तर ऐकेल.

पैशाचंही तेच. तुझा दर लेण्यांकडे जाणाऱ्या बसमध्ये चढण्याआधी, स्पष्ट, एकदाच सांग. सांगून झाल्यावर कसनुसं हसू नकोस आणि लगोलग कमीही करू नकोस. मुली दर सांगतात आणि तो माफी मागितल्यासारखा वाटतो, हे मी फार पाहिलंय. तू इतकं वाचलंस, एवढ्या पायऱ्या रोज चढतेस, त्याचे ते पैसे आहेत.

सोमवारी लेणी बंद असतात, त्या दिवशी घरी ये. सतरा नंबरच्या लेण्यातली विश्वंतराची गोष्ट मला परगावचा पाहुणा समजून सांगायची, कागद न घेता. राज्यातला पाऊस पाडणारा हत्ती देऊन टाकणाऱ्या राजपुत्रावर लोक का चिडले, इथून सुरुवात कर, म्हणजे ऐकणारा हलणार नाही. मी मधे बोलणार नाही. तुझी मामी मात्र बोलेल आणि पुढे आपली मुलंही दान देणाऱ्या त्या बापाबद्दल तुला खडसावून विचारील. तिला काय उत्तर द्यायचं, त्याचा विचार करून ये.

तुझा,
मामा