मज्जा रुजली, आता मूत्रपिंड जपा

माझ्या मुलाला थॅलेसेमिया मेजर होता. लहानपणापासून सोलापुरात ठरावीक दिवसांनी रक्त चढवायचं आणि पुढची तारीख घेऊन घरी यायचं, असं आमचं चालू होतं. पुढे मुंबईत त्याच्या बाबांची अर्धी जुळणारी मज्जा त्याला दिली. काउंट वर आले, पेशी रुजल्या, गावाकडे आनंदाचे फोन झाले. आणि थोड्याच दिवसांत त्याची लघवी लाल झाली. आज तो शाळेत जातो, त्याची मूत्रपिंडं नीट काम करताहेत. सोलापूर, धाराशिव, विजयपूरकडचे आई-बाप मुलाला घेऊन निघण्याआधी मला फोन करतात. त्यांना जे सांगते, तेच इथे लिहिते.

१. काउंट वर आले म्हणजे सगळं संपलं, असं धरू नका.
ट्रान्सप्लांटच्या वेळी दिल्या जाणाऱ्या सायक्लोफॉस्फामाइडनं मूत्राशयाचं आतलं अस्तर सोलपटतं. म्हणूनच त्याच्या जोडीला मेस्ना नावाचं औषध देतात. हा त्रास सहसा लवकर होतो. काही आठवड्यांनी लघवीतून रक्त आलं, तर संशय विषाणूवर जातो आणि त्यात पहिलं नाव बीकेचं. 1971 साली लंडनमध्ये मूत्रपिंड बदललेल्या एका रुग्णाच्या लघवीत तो सापडला आणि त्या रुग्णाच्या आद्याक्षरांवरून त्याला हे नाव मिळालं. आपल्यापैकी बहुतेकांना तो लहानपणीच होऊन गेलेला असतो. सर्दी-पडशासारखा येतो, कळतही नाही, आणि मग मूत्रपिंडात दडून बसतो. ट्रान्सप्लांटनंतर प्रतिकारशक्ती दबलेली असते, तेव्हा तो पुन्हा उठतो. मुलाला स्वच्छ ठेवण्यात तुम्ही कमी पडलात म्हणून हे झालेलं नसतं. आयांनी हा दोष मनाला लावून घेऊ नये.

२. लघवी पांढऱ्या भांड्यात घ्या आणि उजेडात बघा.
मापाच्या खुणा असलेला पांढरा प्लास्टिकचा मग पुरतो. वेळ, माप आणि रंग वहीत लिहा. फिकट गुलाबी, चहासारखी, लालभडक, की गाठी पडताहेत, असं सरळ शब्दांत लिहा. आदल्या दिवशी बीट खाल्लं असेल तर तेही लिहा, त्यानंही रंग बदलतो. मूल दुखतं म्हणून लघवी दाबून धरतं, पाय आवळून बसतं, हे ओळखायला शिका. गाठ अडकून लघवी तुंबली तर सकाळची वाट बघायची नाही, तडक हॉस्पिटल गाठायचं. आमच्या मुलाला तीन तोंडांची नळी घातली होती. एका बाजूनं सलाईन आत जायचं, दुसऱ्या बाजूनं धुऊन बाहेर यायचं. पिशवीतला रंग उतरायला वेळ लागतो. नर्सताई दर वेळी पिशवी उजेडाला धरून मला दाखवायच्या आणि म्हणायच्या, "कालच्यापेक्षा फिकी आहे बघा."

३. 'पॉझिटिव्ह' या एका शब्दानं हातपाय गाळू नका.
ट्रान्सप्लांटनंतर लघवीच्या पीसीआरमध्ये, म्हणजे विषाणू शोधणाऱ्या तपासणीत, बीके अनेकांना निघतो आणि त्यातल्या कित्येकांना काही त्रास होत नाही. विषाणू रक्तातही वाढतोय का, मूत्रपिंडाचं काम दाखवणारं रक्तातलं क्रिएटिनिन चढतंय का, लघवी कमी होतेय का, हे डॉक्टरांना विचारा. अ‍ॅडिनोव्हायरस निघाला तर जास्त सावध राहा. तो मूत्राशयावरून थेट मूत्रपिंडापर्यंत आणि पुढे शरीरभर पसरू शकतो. क्रिएटिनिनचा एकच आकडा बघू नका, मागचे सगळे एका कागदावर ओळीनं लिहा. अशक्त मुलात स्नायू कमी असल्यानं हा आकडा मुळातच खाली असतो. त्यामुळे छापील मर्यादेत असूनही तो दुप्पट झालेला असू शकतो.

४. उपचारात तारेवरची कसरत असते, ती समजून घ्या.
बीकेवर हमखास लागू पडेल असं औषध नाही. प्रतिकारशक्ती दाबणारी गोळी कमी केली तर शरीर विषाणूशी लढतं, पण दात्याच्या पेशी मुलाच्या त्वचेवर, आतड्यांवर, यकृतावर उलटू शकतात. सिडोफोव्हिर देतात, पण ते स्वतःच मूत्रपिंडाला जड जातं. म्हणून त्याच्याबरोबर सलाईन आणि बहुधा प्रोबेनेसिडच्या गोळ्या असतात. डॉक्टर दोन दिवस थांबून बघू म्हणाले, तर ते दुर्लक्ष करताहेत असं समजू नका. कशासाठी थांबायचं, ते मात्र विचारा.

५. लेव्हलच्या दिवशी सकाळचा डोस रक्त दिल्यावरच.
प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या सायक्लोस्पोरिन किंवा टॅक्रोलिमसची रक्तातली पातळी, म्हणजे लेव्हल, वाढली की मूत्रपिंडावर ताण येतो आणि रक्तदाब चढतो. ती मोजायला डोसच्या आधीचं रक्त लागतं. रात्री सिद्धेश्वर एक्स्प्रेसनं निघून सकाळी मुंबईत उतरलात, तर गोळी पिशवीतच राहू द्या, आधी रक्त. बुरशीवरची काही औषधं ही पातळी वाढवतात, पपनसानंही ती वाढू शकते. गुळवेलीचा काढा, कुणी दिलेली चूर्णं पूर्ण बंद. ताप आला, अंग दुखलं तरी आयब्युप्रोफेन मनानं देऊ नका.

६. उन्हाळ्याची तयारी मार्चमध्येच करा.
सोलापूरचा पारा चाळिशीपार जातो आणि नळाला पाणी काही दिवसांआड येतं. साठवलेलं पाणी मुलासाठी उकळून, झाकून वेगळं ठेवा. किती प्यायचं हे डॉक्टरांकडून लिहून घ्या. पाणी कमी पडलं तर मूत्रपिंड सुकतं, आणि ते आधीच थकलेलं असेल तर जास्त पाण्यानं सूज येते. वीस किलोच्या मुलाची दिवसभराची लघवी अर्ध्या लिटरच्या खाली गेली, तर त्याच दिवशी फोन करा.

७. गावातल्या डॉक्टरांना आधीच सामील करून घ्या.
घरी परतलात की फाईल घेऊन जवळच्या बालरोगतज्ज्ञांना भेटा. मुंबईच्या टीमचा नंबर त्यांना द्या. रक्त किंवा प्लेटलेट लागल्या तर त्या इररॅडिएटेड हव्यात, म्हणजे किरणांची मात्रा दिलेल्या, नाहीतर त्यातल्या पांढऱ्या पेशी मुलावर उलटू शकतात. हे फाईलच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहा आणि असं रक्त जवळ कुठे मिळतं, ते आधीच विचारून ठेवा. रक्तदाब मोजायला मुलाच्या दंडाच्या मापाचाच पट्टा हवा. डोकं दुखणं, अंधारी येणं, झटका येणं हे वाढलेल्या रक्तदाबामुळेही होतं.

८. सगळा पैसा ट्रान्सप्लांटपर्यंतच संपवू नका.
थॅलेसेमियाच्या मुलांसाठी कोल इंडियाच्या बाल सेवा योजनेतून ट्रान्सप्लांटला 10 लाखांपर्यंत मदत मिळते. नंतरचे पीसीआर, लेव्हल, जाणं-येणं, मुंबईतलं राहणं यांचा हिशेब वेगळा मांडा. खर्चापायी तपासणी पुढे ढकलली, तर ती मूत्रपिंडाला महाग पडते.

1983 मध्ये टाटा मेमोरियलला देशातलं पहिलं मज्जारोपण झालं, तेही नऊ वर्षांच्या मुलीवर, तिच्या भावाच्या मज्जेनं. तेव्हापासून डॉक्टरांचं ज्ञान खूप पुढे गेलं आहे. पण घरी परतल्यावर लघवीचा बदललेला रंग पहिल्यांदा आई-बापच बघतात. तो दिसला की लगेच कळवा. शंका खोटी निघाली तर उत्तमच, पण फोन टाळू नका.